हॉलमधली वाघीण आणि बाबांचे पऱ्हे

समुद्रापासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब राहायचं असेल, तर माणसाने चंद्रपुरात घर घ्यावं. मी घेतलं, आणि मग त्याच घराच्या हॉलमध्ये समुद्र आणून ठेवला. काचेची लांबलचक टाकी, तिच्यात खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि दगडांना चिकटलेली कोरलं. कोरल दिसतं झाडासारखं आणि असतो तो प्राणी, हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. कोणी विचारलेलं नसे. आमच्याकडे लोक येतात ते लग्नाची पत्रिका द्यायला, नाहीतर मोटर जळली म्हणून दोन बादल्या पाणी मागायला. झाड की प्राणी या प्रश्नात त्यांना रस असायचं काही कारण नव्हतं.

मे महिन्यात इथे पारा सत्तेचाळीसवर जातो आणि कोरलांना पाणी सव्वीस अंशांचं लागतं. म्हणून हॉलला एसी लावला. सासरची मंडळी म्हणू लागली की जावयाने माणसांना कूलर दिला आणि माशांना एसी. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्तच लागलं.

पुढे बाबांना लकवा मारला आणि तो एसी अचानक पुण्यकर्म ठरला. बाबा वनखात्यात गार्ड होते. सगळी नोकरी गडचिरोलीच्या जंगलात, आणि निवृत्त झाल्यावर आरमोरीच्या पुढे आमच्या गावी एकटेच राहून थोडं धान पिकवत. डावा हात आणि डावा पाय गेल्यावर त्यांना आम्ही आमच्याकडे आणलं आणि सगळ्यांत थंड खोली म्हणून पलंग हॉलमध्येच टाकला. जीभ मात्र लकव्याने जशीच्या तशी सोडली होती. पहिल्याच दिवशी टाकीकडे बघून त्यांनी विचारलं, "टीपी हाये का याची?"

टीपी म्हणजे जंगलातला माल बाहेर नेण्याचा परवाना. मी त्यांना नीट समजावलं की यातलं काहीच समुद्रातून उपटून आणलेलं नाही, दगड सिमेंटचे आहेत आणि कोरलं माझ्यासारख्याच दुसऱ्या हौशी लोकांच्या टाक्यांमध्ये वाढलेली आहेत. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, सागवान चोरणारेही हेच सांगतात, आमच्या बांधावरचं आहे म्हणून. यानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, ते बरेच दिवस तसंच ठेवलं.

त्या दिवसांबद्दल विनोदी असं काही लिहिता येत नाही. ज्या माणसाने जन्मभर पायी जंगल तुडवलं, तो दिवसभर चुन्याची भिंत बघत पडून राहायचा. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाला येई, त्याला बाबा सांगत की रस्ता चुकलास, दुसऱ्या घरी जा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना रोज उठवून बसवलं नाही तर हे संपत जातील. ते ऐकून मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी करतो तेच केलं, म्हणजे बायकोला सांगितलं.

तिने एका सकाळी त्यांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची टाकीसमोर ढकलली, कारण हॉलमध्ये दुसरीकडे जागाच नव्हती. थोड्या वेळाने टाकीवरचा दिवा आपोआप लागला. एका कोपऱ्यात बोटभर जागेत एक हिरवं काहीतरी होतं. विकणाऱ्याने दुसऱ्या मालाबरोबर पिशवीत असंच टाकून दिलेलं. जांभळट साल आणि तिच्यात मिटलेले ठिपके, इतकंच ते एरवी दिसे, म्हणून मी त्याच्याकडे कधी फारसं पाहिलं नव्हतं. उजेड पडला तसे त्या सालीतून बारीक हिरवे तुरे एकेक करून वर आले आणि पाण्याबरोबर डोलू लागले. बाबा पुढे वाकले. "पऱ्हे आले," म्हणाले.

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, रोवणीच्या आधी एका वाफ्यात दाट उगवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः हाक मारली, "मले बसव. पऱ्हे उघडाचे हाये." मग हा रोजचाच नेम झाला. दिवा लागायच्या आधी खुर्ची टाकीसमोर हवी. याला ते गस्त म्हणत. गस्तीला जायचं म्हणून तोंड धुवायचे, दाढी करून घ्यायचे, आणि फिजिओथेरपीवाल्याला हात हलवू द्यायचे. त्या बोटभर हिरवळीसाठी माझा बाप पलंगावरून उठत होता. बाकीची टाकी उद्या फुटली असती तरी मला चाललं असतं.

असं सगळं सुरळीत चालू असताना मला नवीन दगड आणायची बुद्धी झाली.

हा दगड मद्रासकडच्या एका शौकिनाच्या टाकीत मुरलेला होता. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ गाडीने येणार होते, त्यांच्याबरोबर तो थर्माकोलच्या डब्यात आला आणि बल्लारशाच्या फलाटावर मी तो असा छातीशी धरून घेतला की हमालाला वाटलं डब्यात कुणाचं मूत्रपिंड आहे. टाकीत मोकळी जागा एकच होती, पऱ्ह्यांच्या शेजारची. तिथे दगड ठेवला. आठवड्याभरात त्याच्या एका भोकातून एक तपकिरी देठ बाहेर आला, आणि देठाच्या टोकाला लांब, काचेसारख्या पारदर्शक बोटांचा झुपका. हात जवळ नेला की सर्रकन आत जाई. मी हरखून गेलो. फुकटात नवीन कोरल मिळालं होतं, फक्त ते कोणतं हे ठाऊक नव्हतं.

अशा वेळी विचारण्यासाठी आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात पुण्या-मुंबईचे जाणकार आहेत आणि चंद्रपूरचा मी आहे. मी फोटो टाकला. आधी तिघांनी विचारलं की चंद्रपूरला तर वाघ असतात ना. मग एकाने फोटो निळ्या दिव्यात काढल्याबद्दल मला झापलं. मग नावं येऊ लागली. प्रत्येक जण आपल्या टाकीत जे आहे किंवा जे घ्यायची त्याची इच्छा आहे, त्याचं नाव सांगत होता. एकाने इतकं लांब लॅटिन नाव दिलं की ते वाचतानाच मला मी कुणीतरी असल्यासारखं वाटलं. या गर्दीत एका जुन्या, कधीच न बोलणाऱ्या सदस्याने लिहिलं होतं, "हे कोरल नाही. तण आहे. सुईने लिंबाचा रस सोडा, मरेल. खरवडू नका." त्याच्या प्रोफाइलवर फोटोही नव्हता. मी लांब नाव घेतलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण मला एक साळा आहे. तो मूळचा नागभीडचा, आता इथेच राहतो, आणि हातभर लांब लेन्सचा कॅमेरा गळ्यात घालून वाघांच्या मागे हिंडतो. आमच्या जिल्ह्यात हा आजार घरटी एकाला आहे. इथल्या माणसाला मावसभावाची मुलं ओळखता येणार नाहीत, पण पट्ट्यांवरून वाघीण ओळखेल, तिची आई सांगेल, तिचा बाप कोणत्या तळ्यावर असायचा ते सांगेल. साळ्याने माझ्या तपकिरी पाहुणीला पाहिलं आणि लॅटिन नाव एका हाताने झटकलं. आधी उजवीकडून फोटो, मग डावीकडून, कारण वाघाची ओळख पटवायला दोन्ही कुशी लागतात. मग तिला नंबर दिला. मग नाव ठेवलं. ते नाव मी इथे देत नाही, आमच्या कॉलनीत तीन मुलींचं तेच आहे.

संध्याकाळपर्यंत तिचे फोटो गावभर गेले. दुसऱ्या दिवसापासून लोक तिला बघायला येऊ लागले. लोक दबक्या आवाजात बोलत, टाकीपासून अंतर राखत, आणि ती भोकात शिरलेली असली तर हळहळत की आज सायटिंग नाही. एका बाईंनी तर हिरवे कपडे घालून यायचं का असं फोन करून विचारलं. बायको चहा करून दमली. मला मात्र मजा वाटत होती, कारण टाकी आणल्यापासून पहिल्यांदाच लोक मला प्रश्न विचारत होते. गर्दीत बाबांची खुर्ची आड येई, म्हणून कुणीतरी ती हलकेच मागे सरकवत असे. बाबा मग दोन माणसांच्या मधून पऱ्हे बघत.

एका रविवारी साळा फोनवर खऱ्याखुऱ्या वाघिणीचे फोटो दाखवत बसला होता. ही अमकी, हिने इतके गाव धाकात ठेवले, हिला पकडायला पथकं आली तेव्हा लोकांनी मोर्चा काढला, तिला हात लावू नका म्हणून. बाबा ऐकत होते. त्यांनी विचारलं, "तिनं आमच्याकडच्या एका मानसाले नेलं होतं. मोहफुलं येचाले गेल्ता. त्याचं नाव सांग."

साळा म्हणाला की पेपरात आलं होतं, पण आता आठवत नाही.

"आठवत नाई, कारन छापलंच नव्हतं. तिचं नाव मोठ्या अक्षरात व्हतं, अन् खाली, इसम ठार," बाबा म्हणाले. "पंचनामा म्या केला."

मग त्यांनी त्या माणसाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, त्याच्या बायकोचं माहेर कुठलं तेही सांगितलं. साळ्याने मान हलवली. बायकोने उपम्याच्या बशा आणल्या आणि साळ्याने फोनवर पुढचा फोटो उघडला.

त्यानंतर पाहुणीला पिल्लं झाली. तिच्या देठाच्या बुडाशी तसेच तपकिरी, बारीक बारीक झुपके दिसू लागले. साळ्याने कॉलनीच्या ग्रुपवर बातमी टाकली की बछडे दिसले. लोकांनी फुगे पाठवले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खरंच पेढे आणले आणि त्यातला एक टाकीसमोर ठेवला. त्यांच्या श्रद्धेला मी हसलो, पण तो पेढा नंतर मीच खाल्ला.

त्याच सुमारास बाबा म्हणाले, पऱ्हे आज पूर्ण उघडले नाहीत. मी म्हटलं, ढगाळ आहे. हे मी खोलीतल्या टाकीबद्दल बोललो, जिच्यावर दिवा आहे. दोन-चार दिवसांनी पाहुणीकडच्या बाजूचे तुरे उघडेनात. तिची लांब बोटं पाण्याबरोबर हलताना पऱ्ह्यांवर टेकत आणि टेकतील तिथली साल करडी पडत होती. बाबांनी ते माझ्या आधी पाहिलं होतं. "हे तुमी आनलेलं जनावर हद्द वाढवून राह्यलं," ते म्हणाले. "काढून टाक, बाबू."

मी ग्रुपवर पुन्हा विचारलं. लांब नाव देणारा आता म्हणाला की फोटो निळा होता. तो न बोलणारा सदस्य म्हणाला, "लिंबू." लिंबू घरात होतं. सुई बाबांच्या औषधांच्या डब्यात होती. पाच मिनिटांचं काम होतं.

पण आता ते तण राहिलं नव्हतं ना, तिला नाव होतं. मी नुसतं बोलून दाखवलं की हिला मारावं लागेल, तर कॉलनीत सुतक पसरलं. पेढेवाल्या काकू म्हणाल्या, लेकुरवाळी आहे हो. खालच्या मजल्यावरच्या पोरींनी चित्र काढून दाराला चिकटवलं. एका सद्गृहस्थांनी मला विचारलं की ती तिच्या स्वभावाप्रमाणे वागते आहे, चूक त्या हिरव्याला तिच्या इलाक्यात ठेवणाऱ्याची नाही का. हे गृहस्थ बांधकाम ठेकेदार आहेत आणि त्यांच्या घरात झुरळ दिसलं तर बिल्डिंग खाली करवतात.

साळ्याने तोडगा काढला. आमच्या भागात असं जनावर झालं की करतात तेच करायचं, म्हणजे पकडायचं आणि दुसरीकडे सोडायचं. मारायची गरजच काय? टाकीच्या मागच्या बाजूला फिल्टरचा एक कप्पा आहे, तिथे काही नसतं, तिथे ती आणि तिचे बछडे सुखाने राहतील. कोअरमधून बफरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातून कडेच्या पट्ट्यात, असं तो म्हणाला आणि सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. ‘खरवडू नका’ हे दोन शब्द माझ्या फोनमध्ये होते, पण ते बिनफोटोच्या माणसाने लिहिले होते.

तर एका रविवारी मोहीम झाली. बरेच लोक आले. साळा व्हिडिओ काढत होता, मी बाही वर सरकवून जुन्या एटीएम कार्डाने दगड खरवडत होतो. ती भोकात शिरली, मी भोक खरवडलं. तिचे तुकडे झाले, काही मी चमच्यात धरले आणि मागच्या कप्प्यात सन्मानाने सोडले. काही निसटले. पंप बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. टाळ्या वाजल्या. बाबा मागे ढकललेल्या खुर्चीतून म्हणाले, "पानी चालू हाये." ते त्यांनी दोनदा म्हटलं असावं, मला एकदाच ऐकू आलं.

या प्राण्याची एक गोष्ट मला नंतर समजली. त्याच्या नखाएवढ्या कणातून नवीन प्राणी तयार होतो. पंपाने ते कण टाकीभर पोहोचवले, आणि पंधरवड्यात जिथे पाहावं तिथे तपकिरी झुपके उगवले. दगडावर, काचेवर, नळीच्या तोंडावर. सगळ्यांत दाट उगवले ते जांभळ्या सालीवर. मी तेव्हा लिंबू घेतलं, सुई घेतली, टोचत बसलो. एकाला मारलं की बाजूला चार. पऱ्ह्यांचे उरलेले तुरे आणखी थोडे दिवस वर आले, मग आले नाहीत. शेवटी साल दगडावरून सुटून फिल्टरच्या जाळीला जाऊन चिकटली. मी ती काढली तेव्हा हातात चिखलासारखी लागली. मला फार वाईट वाटलं आणि कुणावर तरी ओरडावंसं वाटलं. ओरडायला घरात दुसरं कुणी दोषी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हाक मारली नाही. बायकोने विचारलं, बसवू का? ते म्हणाले, "काय पाहाचं हाये तिथी?" आणि भिंतीकडे वळले. फिजिओथेरपीवाल्याला पुन्हा दुसऱ्या घरी जायला सांगितलं गेलं.

मग मी धावाधाव केली. असंच हिरवं पुन्हा आणायचं, काही झालं तरी आणायचं. ज्याने पिशवीत टाकलं होतं त्याला फोन केला. तो म्हणाला, रोज पन्नास पिशव्या जातात साहेब, नाव सांगा. नाव मला ठाऊक नव्हतं. त्या टाकीतल्या माशांची नावं ठाऊक होती, तणाची तर अर्ध्या ग्रुपने सुचवलेली नावं मला पाठ होती, पण याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. पऱ्हे म्हणतात, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, फोटो पाठवा.

फोटो शोधू लागलो. माझ्या फोनमध्ये, बायकोच्या, साळ्याच्या कॅमेऱ्यात, पेढेवाल्या काकूंच्याही फोनमध्ये. शेकड्यांनी फोटो होते. सगळ्यांमध्ये मधोमध ती होती, उजवी कूस, डावी कूस, बछड्यांसकट, झोपलेली, जागी. त्यातल्या काहींमध्ये अगदी कडेला, अस्पष्ट, अर्धवट कापलेला एक हिरवट डाग होता. एका फोटोत तर त्याच्यावर साळ्याने तारीख छापली होती. त्यातल्या त्यात बरा डाग कापून, मोठा करून मी ग्रुपवर टाकला आणि विचारलं, हे कोणतं कोरल? पुन्हा नावं येऊ लागली. हिरवा म्हणताच जेवढं आठवतं तेवढं सगळ्यांनी लिहिलं. न बोलणारा सदस्य म्हणाला, "फोटोत काही नाही."

संध्याकाळी साळा आला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं, ते खोटं नव्हतं. तो खुर्चीवर बसून फोनवर काहीतरी करत होता. मग त्याने मला दाखवलं. तोच कडेचा हिरवा डाग, त्याच्याभोवती काळी चौकट, खाली तेवती पणती, वर भावपूर्ण श्रद्धांजली.

"भाऊजी, खाली नाव काय टाकू?" त्याने विचारलं.

मी पलंगाकडे पाहिलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आम्हाला वाटलं, झोपले आहेत.

"इसम टाक," ते म्हणाले.